अपेंडिक्सचं ऑपरेशन: परीक्षेआधी की परीक्षेनंतर?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही कळंब तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगा १७ वर्षांचा आहे. लातूरला होस्टेलवर राहून बारावी सायन्स आणि नीटची तयारी करतो. दिवाळीला घरी आला होता. भाऊबीजेला सकाळपासून बेंबीजवळ दुखतंय म्हणाला आणि ताटावरून तसाच उठला. आम्हाला वाटलं, फराळ बाधला. सासूबाईंनी ओवा दिला, बेंबीवर हिंगाचा लेप लावला. शेजारच्या काकू एरंडेल पाजा म्हणत होत्या, पण त्यानं घेतलं नाही. रात्री दोन उलट्या झाल्या, अंगात कणकण आली आणि दुखणं उजव्या बाजूला खाली आलं. सकाळी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत अपेंडिक्सला सूज, ८ मिलिमीटर, खडा नाही, फुटलेलं नाही, असं आलं. एका सर्जननी आजच ऑपरेशन करा म्हणून सांगितलं. दुसरे डॉक्टर म्हणाले, आधी सलाईनमधून अँटिबायोटिक देऊन बघू. ह्यांनी दुसऱ्यांचं ऐकलं. तीन दिवस अॅडमिट ठेवलं, मग गोळ्या देऊन सोडलं. आता तो ठणठणीत आहे, होस्टेलवर परतही गेला. पण माझ्या जिवाला घोर लागलाय. फेब्रुवारीत बोर्ड, मे महिन्यात नीट. ऑपरेशन करून घ्यावं का? परत दुखलं तर ओळखायचं कसं? सासूबाई म्हणतात, पेरूच्या बिया अडकून होतं, जेवून लगेच पळाल्यानं होतं. खरं आहे का? धाकटी मुलगी १३ वर्षांची आहे, तिलाही होईल का?
— एक आई, कळंब तालुका

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र वाचताना पहिलं मनात आलं ते हे, की निदान तर तुम्हीच लिहून पाठवलंय. आधी बेंबीजवळ दुखलं, मग जेवणावरची वासना उडाली, त्यानंतर उलट्या, त्यानंतर कणकण, आणि रात्रीतून दुखणं सरकून उजव्या बाजूला खाली आलं. अपेंडिक्सच्या दुखण्याची चाल बहुतेक वेळा अशीच असते. दवाखान्यात पुष्कळ जण नुसतं ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतात आणि फाईल पुढे सरकवतात. तुमच्यासारखं कुणी वेळेच्या क्रमानं सांगितलं, तर पोटाला हात लावायच्या आधीच डॉक्टरांचं अर्धं काम झालेलं असतं.

हा क्रम असाच का, ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी डोक्यात पक्कं राहील. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे, उजव्या बाजूला खाली, करंगळीएवढी एक नळी लोंबत असते. तिचं एक टोक आतड्यात उघडतं, दुसरं बंद. उघडं तोंड काही कारणानं बुजलं, की आतला स्राव बाहेर पडत नाही. नळी फुगते, आतले जंतू वाढतात, दाब इतका चढतो की भिंतीला रक्त पोचेनासं होतं. सुरुवातीला दुखतं ती ही फुगलेली नळी. तिच्या नसा पाठीच्या कण्यात जिथे शिरतात, तिथेच बेंबीच्या भागातल्या नसाही येतात. मेंदूला नेमकी जागा कळत नाही, म्हणून माणूस बेंबीभोवती हात फिरवत ‘इथे कुठेतरी’ म्हणतो. काही तासांनी सूज नळीच्या बाहेर येते आणि पोटाच्या आतल्या अस्तराला लागते. त्या अस्तराच्या नसा मात्र फार हुशार. त्या जागा अचूक सांगतात. मग तोच मुलगा एका बोटानं दाखवतो. बेंबीपासून कमरेच्या उजव्या हाडाच्या पुढच्या टोकापर्यंत रेघ ओढली, तर हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर ते बोट टेकतं. या जागेला न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांचं नाव आहे. त्यांनी १८८९ मध्ये तिचं वर्णन केलं, आणि आजही आम्ही आधी तिथेच हात ठेवतो.

फराळ बाधला असता तर गोष्ट उलटी घडली असती. अन्नबाधेत उलटी-जुलाब आधी सुरू होतात, पोटातली कळ त्यांच्या जोडीनं किंवा मागून येते, आणि जुलाब होऊन गेले की जरा बरं वाटतं. मुतखड्याची तऱ्हा आणखी वेगळी. मुतखड्याच्या माणसाला एका जागी चैन पडत नाही. उठतो, बसतो, भिंतीला टेकतो, फरशीवर लोळतो. अपेंडिक्सचा रुग्ण गुडघे जरा पोटाशी घेऊन गप्प पडून राहतो. कुणी कॉटला नुसता धक्का लावला तरी कळवळतो. चालताना पुढे वाकून, उजवा हात पोटावर धरून चालतो. खोकायला सांगितलं की हात आपोआप त्या जागी जातो. लहान मुलाला मी म्हणते, ‘जागेवर एक उडी मार बघू.’ मारली आणि हसला, तर माझा जीव भांड्यात पडतो. अपेंडिक्स सुजलेलं मूल एक तर उडी मारतच नाही, किंवा अर्धवट मारून पोट धरतं.

गाडीतून येताना काय झालं, हेही मी हटकून विचारते. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये हाच प्रश्न संशोधन म्हणून विचारला होता. ज्यांचं अपेंडिक्स खरोखर सुजलेलं निघालं अशा ३४ जणांपैकी ३३ जणांना येताना गतिरोधकावर कळ आली होती. त्यांना गतिरोधक शोधावे लागले असतील; आपल्याकडे त्यांची कमतरता नाही, खड्डे वर फुकट. अर्थात धक्क्यानं दुखलं म्हणजे अपेंडिक्सच, असं म्हणता येत नाही. पण गतिरोधकावरून गाडी गेली आणि काहीच दुखलं नाही, तर अपेंडिक्सची शंका बरीच कमी होते.

आता एक सावधगिरी. ही ठरावीक चाल सगळ्यांच्यात दिसत नाही. नळी काहींच्यात आतड्याच्या मागे दडलेली असते. त्यांना पुढून पोट फारसं दुखत नाही, कुशीत किंवा कमरेत दुखतं. काहींच्यात ती खाली ओटीपोटात लोंबते आणि लघवीच्या पिशवीला किंवा गुदाशयाला टेकते. त्यांना सारखी लघवी लागते, नाहीतर थोडी थोडी पातळ शी होते, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा जुलाब समजून औषधं चालू राहतात. पाच वर्षांच्या आतलं मूल कुठे दुखतंय ते सांगूच शकत नाही. म्हणून या वयात नळी फुटल्यावरच आजार लक्षात येण्याचं प्रमाण जास्त. म्हाताऱ्या माणसांत तापही बेताचा, दुखणंही बेताचं, आणि आत मात्र पू झालेला असतो. गरोदरपणात तर पोटदुखीला शंभर कारणं असतात, आणि तिथे उशीर बाळालाही महागात पडतो. अशा सगळ्यांच्या बाबतीत ‘उद्या सकाळी बघू’ म्हणू नये.

भाऊबीजेच्या त्या दिवशी तुमचं काही चुकलं का, असं तुम्ही सरळ विचारलेलं नाही, पण पत्रभर तोच प्रश्न दिसतो. ओव्यानं आणि हिंगाच्या लेपानं काही बिघडलं नाही, सासूबाईंना तसं सांगा. एरंडेल दिलं नाहीत, हे मात्र फार बरं झालं. जुलाबाच्या औषधानं आतडी जोरात आवळतात, आणि फुगलेली नळी फुटायला तेवढं निमित्त पुरतं. एनिमाचं तेच. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणं, गरम पाण्याची पिशवी धरून झोपणं, हेही नको. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांबद्दलही सांगते. एखादी साधी पॅरासिटामॉल घेतल्यानं आजार लपत नाही. दुखणं थोडं कमी केलं म्हणून निदान चुकतं, ही समजूत डॉक्टरांतही पूर्वी होती, आता राहिलेली नाही. धोका वेगळाच आहे. दर चार तासांनी एक गोळी, मध्ये एक गॅसची, एक पित्ताची, असं करत दोन दिवस घरातच जातात. पोटदुखी सहा तासांत थांबली नाही, वाढत गेली किंवा उजवीकडे खाली सरकली, की औषधाची पिशवी बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. निघताना पोटात काही घालायचं नाही, दूध नाही, चहा नाही. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.

लोक फसतात ती जागा पुढे आहे. कधी कधी खूप दुखत असलेलं पोट अचानक हलकं होतं. पोरगं म्हणतं, आता बरं वाटतंय. घरचे देवापुढे नारळ ठेवतात. आत नळी फुटून दाब उतरलेला असतो, म्हणून दुखणं कमी झालेलं असतं. काही तासांत सगळ्या पोटभर दुखू लागतं, पोट लाकडासारखं कडक होतं, ताप चढतो, नाडी पळते. दुखणं सुरू झाल्यापासून दीड-एक दिवसानंतर हा धोका वाढत जातो. औषध-उपचार न घेता आपोआप थांबलेल्या पोटदुखीवर म्हणूनच विश्वास ठेवायचा नाही. तुमच्या मुलाचं दुखणं थांबलं ते तीन दिवस दवाखान्यात, डॉक्टरांच्या हाताखाली, ताप आणि रक्ताची तपासणी खाली येत येत. हे थांबणं खरं.

सोनोग्राफीबद्दल थोडं. सुजलेली नळी ६ मिलिमीटरपेक्षा जाड दिसते आणि वरून दाबली तरी दबत नाही. तुमच्या मुलाची ८ होती, सगळी लक्षणंही जुळत होती, तेव्हा निदानाबद्दल शंका नको. पण सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलंच नाही, असं पुष्कळदा होतं. मध्ये गॅस येतो, पोट जाड असतं, नळी मागे असते. ‘दिसलं नाही’ असा रिपोर्ट घेऊन लोक ‘नॉर्मल आलं’ म्हणत घरी जातात. त्याचा अर्थ एवढाच, की मशीनला सांगता आलं नाही. अशा वेळी डॉक्टर सहा-आठ तास ठेवून घेऊन पोट पुन्हा पुन्हा तपासतात, पांढऱ्या पेशी मोजतात, लागलाच तर सीटी स्कॅन करतात. नातेवाईक वैतागतात, ‘काही करतच नाहीत, नुसतं ठेवून घेतलंय.’ पण ते ठेवून घेणं हाही उपचाराचा भाग असतो. याची उलट बाजूही बघण्यात येते. महिनोन्‌महिने अधूनमधून उजव्या बाजूला दुखतं, ताप नाही, भूक उत्तम, पेशी नॉर्मल, आणि एका रिपोर्टवरच्या एका ओळीच्या जोरावर अपेंडिक्स काढून टाकतात. दुखणं तिथेच राहतं. असं कुणी सुचवलं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला संकोच करू नका.

आता मुख्य प्रश्न. दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणून एक चूक आणि एक बरोबर, असं इथे नाही. ऑपरेशन हा शंभराहून जास्त वर्षांचा पक्का इलाज. १९०२ मध्ये इंग्लंडच्या सातव्या एडवर्ड राजाचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता. आपले शाहू महाराज त्या समारंभासाठीच कोल्हापूरहून विलायतेला गेलेले. राजाच्या पोटात दुखत होतं, आणि तो काही केल्या तारीख सोडायला तयार नव्हता. शेवटी २४ जूनला फ्रेडरिक ट्रीव्ह्‌ज या सर्जननी राजवाड्यातच ऑपरेशन करून अपेंडिक्सभोवती साठलेला पू काढला, आणि राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला. बोर्डाच्या तारखेची काळजी करणाऱ्या आईला मी हे मुद्दाम सांगते. पोट राजाचंही वेळापत्रक पाळत नाही. जाता जाता, ट्रीव्ह्‌जनी तेव्हा अपेंडिक्स काढलं नव्हतं, फक्त पूला वाट करून दिली होती. गळू झालेलं असलं किंवा आतड्यांनी चिकटून गोळा केला असला, तर आजही पुष्कळदा आधी पू काढतात, अँटिबायोटिकनं आग शांत करतात आणि अपेंडिक्सचं नंतर बघतात.

बिनऑपरेशनचा रस्ताही आता अंदाजपंचे राहिलेला नाही. फिनलंडमध्ये न फुटलेल्या, बिनखड्याच्या अपेंडिक्सच्या प्रौढ रुग्णांना नुसती अँटिबायोटिक देऊन पाच वर्षं पाठपुरावा केला. पाच वर्षांत शंभरातल्या ३९ जणांचं दुखणं उलटलं, उरलेल्यांचं नाही. अमेरिकेत दीड हजारांवर प्रौढांचा असाच अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात औषधावर ठेवलेल्यांपैकी दहातल्या तिघांना ९० दिवसांत ऑपरेशन करावं लागलं, आणि नळीत खडा असलेल्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेलं. तुमच्या रिपोर्टमधलं ‘खडा नाही’ हे म्हणून महत्त्वाचं. तुमच्या मुलाच्या वयाला लागू पडणारा आकडा त्याच वर्षीचा, ७ ते १७ वयाच्या मुलांचा. औषधावर ठेवलेल्या मुलांपैकी साधारण दोन तृतीयांश मुलांना वर्षभरात ऑपरेशन लागलं नाही. म्हणजे एक तृतीयांश मुलांना लागलं. दुखणं उलटलं म्हणजे जीव धोक्यात आला, असंही नाही. वेळेवर पोचलं तर तेव्हा ऑपरेशन करता येतं. त्यामुळे तुमच्या घरच्यांनी घेतलेला निर्णय योग्यच होता, आणि ज्या सर्जननी आजच करा म्हटलं, तेही योग्यच सांगत होते.

पण तुमच्या मुलाचं आजचं चित्र बघून मला स्वतःला काय वाटतं, ते आडपडदा न ठेवता लिहिते. तो घरी राहत असता, बोर्डानंतर सहा-आठ महिने मोकळे असते, तर ‘थांबा आणि लक्ष ठेवा’ असं मी सहज म्हटलं असतं. इथे तसं नाही. पुन्हा दुखलं तर ते बहुधा पहिल्या वर्षातच, त्यातही पहिल्या काही महिन्यांत, आणि नेमके तेच महिने त्याच्या प्रात्यक्षिकांचे, बोर्डाचे आणि नीटचे. बोर्डाला पुरवणी परीक्षा तरी असते, नीट वर्षातून एकदाच. शिवाय तो होस्टेलवर. लातूरला सर्जनची वानवा नाही, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आहे. अडचण दवाखान्याच्या अंतराची नाही. रात्री दोन वाजता पोट दुखायला लागलेला सतरा वर्षांचा मुलगा कुणाला उठवत नाही, ही खरी अडचण. उद्या टेस्ट आहे म्हणून गोळी घेऊन पडून राहतो. मेसच्या जेवणाला दोष देतो. सकाळी वॉर्डनला कळेपर्यंत बारा तास गेलेले असतात. भाऊबीजेला ताट बघणारी आई तिथे होती, म्हणून तुम्ही वेळेत पोचलात.

म्हणून माझा कल डिसेंबरमध्ये, पहिल्या दुखण्याला सहा-आठ आठवडे झाल्यावर, ठरवून ऑपरेशन करून घेण्याकडे आहे. तोवर आतली सूज निवळलेली असते आणि दुर्बिणीतून काम सोपं जातं. शेवटचा शब्द त्याचं पोट प्रत्यक्ष तपासणाऱ्या सर्जनचा, आणि मुलाचाही. त्याला बाहेर बसवून मोठ्यांनी ठरवू नका. सगळे आकडे त्याच्यापुढे मांडा. नीटची तयारी करणाऱ्या मुलाला ते समजतात. तो ‘नको, मी थांबतो’ म्हणाला, तर तोही मूर्खपणा ठरत नाही.

ऑपरेशनचं फार दडपण घेऊ नका. पूर्ण भूल देतात. बेंबीत एक आणि खाली दोन अशी छोटी छिद्रं पाडतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, नळी मुळाशी बांधून कापतात आणि पिशवीत घालून बाहेर काढतात. साधं असेल तर तासाभराचं काम. दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो म्हणून मुलं घाबरतात. तो उरलेल्या गॅसमुळे दुखतो, दोन दिवसांत थांबतो. एक-दोन दिवसांत घरी, आठवड्याभरात अभ्यासाला. जड पिशव्या, जिम आणि क्रिकेट सर्जन सांगतील तोवर नाही. दुर्बिणीची सोय नसेल आणि छोटा छेद घेऊन केलं, तरी काही वाईट नाही. सावरायला थोडे दिवस जास्त लागतात, इतकंच. अपेंडिक्स काढल्यानं अशक्तपणा येत नाही, पचन बिघडत नाही. काढलेला तुकडा तपासायला पाठवतात. तो रिपोर्ट मागून घ्या आणि फाईलला लावा. शंभरातल्या एखाद्याच्यात तिथे छोटी गाठ सापडते, आणि हे रिपोर्ट न वाचता कपाटात पडलेले असतात. खर्चाचं म्हणाल तर सरकारी रुग्णालयाचा विचार आधी करा. खासगीत जाणार असाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय आहे का, आणि हे ऑपरेशन तिथे योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, तारीख घ्यायच्या आधीच विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

पेरूच्या बियांचं आणि जेवून पळण्याचं उत्तर नाही असंच आहे. नळीचं तोंड बहुतेकदा घट्ट झालेल्या मळाच्या खड्यानं बुजतं, किंवा एखाद्या संसर्गात नळीच्या भिंतीतल्या गाठी सुजून. कधी जंतही निघतात. बी सापडल्याची उदाहरणं जगात आहेत, पण इतकी विरळ, की त्यासाठी पेरू सोडायचं कारण नाही. उलट फळं आणि भाज्यांनी पोट साफ राहतं.

धाकटीबद्दल. घरात एकाला झालं तर भावंडांत शक्यता थोडी वाढते, पण ‘होईलच’ असं मुळीच नाही. साधारण शंभरातल्या सात-आठ माणसांना आयुष्यात कधीतरी हे होतं, आणि दहा ते तीस हे त्याचं आवडतं वय. तिच्या बाबतीत वेगळी गोष्ट ही, की मुलींच्या उजव्या बाजूला अंडाशयही असतं. तिथली गाठ पिळली तरी असंच अचानक दुखतं आणि उलट्या होतात, आणि तिथेही घाई असते. पाळीच्या दुखण्याच्या नावाखाली दोन्ही आजार दडपले जातात. दवाखान्यात डॉक्टर पाळीची तारीख विचारतील, थोडी मोठी मुलगी असेल तर लघवीची गरोदरपणाची तपासणीही सांगतील. त्यावर चिडू नका. गर्भाशयाच्या नळीत राहिलेली गर्भधारणा अशीच दुखते आणि जीव घेऊ शकते, म्हणून ही तपासणी चेहरा आणि घराणं न बघता सगळ्यांची करावी लागते.

ऑपरेशनची तारीख लागेपर्यंत, किंवा थांबायचं ठरलं तर नीटची परीक्षा होईपर्यंत, होस्टेलची घडी बसवा. डिस्चार्ज कार्ड आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट यांचे फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये, एका रूममेटच्या मोबाईलमध्ये आणि वॉर्डनकडे असू द्या. रूममेटला बाजूला घेऊन सांगा: ह्याचं पोट दुखायला लागलं आणि हा जेवला नाही, तर आम्हाला फोन कर, रात्रीचे तीन वाजले असले तरी. लातुरात रात्री उघडं असणारं आणि सर्जन असणारं रुग्णालय कुठलं, हे आत्ताच बघून ठेवा. वाहन मिळालं नाही तर १०८. अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या त्याच्या बॅगेत असतील तर काढून घ्या. मागच्या वेळी ह्यानंच बरं वाटलं होतं म्हणून तो त्या स्वतःच सुरू करेल, आणि अर्धवट दबलेलं दुखणं ओळखायला जास्त अवघड असतं.

आणि एक गोष्ट त्याच्या वडिलांनी त्याच्याशी बोलावी. या वयाच्या मुलांत वृषण पिळलं जातं, तेव्हाही पहिल्यांदा ओटीपोटात दुखतं आणि उलट्या होतात. मुलं लाजेनं फक्त पोटच सांगतात. तिथे साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं तर वृषण वाचायची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्यानं घसरते. खाली दुखत असेल, सूज असेल, तर लाजायचं नाही, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगायचं, हे वडिलांनी या रविवारी फोनवरच सांगून टाकावं.